भिंत कुणाची

माझे आईवडील अठ्ठेचाळीस वर्षं दर रविवारी एकाच चर्चमध्ये गेले आणि एकदाही एकमेकांशेजारी बसले नाहीत. सव्वानऊला दोघं घरातून बरोबर निघायचे. चौकापर्यंत बरोबर. तिथून बाबा मला घेऊन दफनभूमीच्या अंगाच्या कॅथलिक दाराकडे वळायचे आणि आई माझ्या बहिणीला, लिडियाला, घेऊन पश्चिमेच्या मोठ्या दारातून प्रॉटेस्टंटांत जाऊन बसायची. मिश्र लग्नात मुलगे बापाच्या पंथाचे, मुली आईच्या, अशी आमच्या एर्लेनमुन्स्टरची रीत. मी वेन्डेलिन, म्हणजे कॅथलिक. मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कधी तक्रार केली नाही, कारण आमचा फादर लवकर आटपायचा.

चर्च एकच होतं, पण मधोमध भिंत होती. पांढऱ्या झग्यातल्या साधूंनी ते बाराव्या शतकात बांधायला घेतलं आणि सत्तर वर्षं पुरवून पुरवून बांधलं. दिखाऊपणा त्यांच्या नियमात बसत नव्हता. म्हणून दगडी मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत, खांबांच्या माथ्यावर एखाददुसरं पान कोरलंय तेवढंच. बाकी सगळी उंची आणि उजेड, आणि छताच्या त्या दगडी फासळ्या, खांबातून निघून वर एकमेकींना भेटणाऱ्या. मी पाथरवट आहे. तीस वर्षं या चर्चचे दगड बदलतो आहे. दोन दगडांमधली नखापेक्षा रुंद दरज मला कुठे सापडली नाही, आणि सापडावी म्हणून मी बराच शोध घेतलाय.

चारशे वर्षांनी आमच्या राजाने पंथ बदलला. साधू गेले, प्रॉटेस्टंट आले. पुढे गादीवर जो बसला तो कॅथलिक निघाला. आता कुणाला बाहेर काढायचं हे काही ठरेना, तेव्हा सतराशे आठ साली चर्च वाटून टाकलं. पूर्वेकडचा वेदीचा भाग कॅथलिकांना, पश्चिमेचा लांब सभामंडप प्रॉटेस्टंटांना. मध्ये सव्वा मीटर जाडीची भिंत, जमिनीपासून छतापर्यंत अठरा मीटर. ती नेमकी सगळ्यात मोठ्या कमानीच्या पोटात चढवली होती. कमानीची एक कड आम्हाला दिसायची, दुसरी त्यांना. अख्खी कमान पाहिलेला माणूस गावात कुणी नव्हता, आणि ज्यांनी पाहिली होती ते अडीचशे वर्षांपूर्वीच गेले.

भिंतीने शांतता आली असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. दोन्हीकडची प्रार्थना एकाच वेळी, साडेनऊला. तिकडे ऑर्गन वाजला की इकडे आम्ही आवाज चढवायचो. गुड फ्रायडे हा प्रॉटेस्टंटांचा सगळ्यात मोठा दिवस, तर त्या दिवशी आमचे लोक मुद्दाम द्राक्षमळ्यांत शेणखत टाकायचे. आणि जूनमध्ये आमची प्रसादाची मिरवणूक निघाली की वाटेवरच्या प्रत्येक प्रॉटेस्टंट घरात नेमकी त्याच सकाळी खताची गाडी भरायला घ्यायचे. माझ्या आजोबांनी दोन्ही केलं होतं. एकदा कॅथलिक म्हणून, आणि एकदा नुसती भाड्याची गाडी हाकायला म्हणून.

अशा गावात एकोणीसशे एकतीस साली अलोइसने, म्हणजे माझ्या बाबांनी, एल्सबेथशी, म्हणजे माझ्या आईशी, लग्न केलं. लग्न वेदीसमोर लागलं नाही. मिश्र लग्नं तेव्हा आतल्या खोलीत लावायचे, फादरचे झगे टांगलेले असायचे तिथे. ऑर्गन नाही, फुलं नाहीत. आईच्या माहेरचे बाहेर पावसात उभे राहिले, कारण आत येणं त्यांना पाप आणि निघून जाणं अपमान. पुढच्या रविवारी दोघं चौकात वेगळे झाले. बाबा आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले, भिंतीला पाठ टेकून. आई तिकडून जाऊन डावीकडच्या पहिल्या बाकावर बसली, भिंतीकडे तोंड करून. त्या जागा त्यांनी ठरवून घेतल्या की आपोआप झाल्या, हे मला ठाऊक नाही. मोठा झाल्यावर मी माप घेतलं. बाबांच्या पाठीपासून आईच्या गुडघ्यापर्यंत साडेतीन मीटर, भिंतीसकट.

सत्त्याहत्तरच्या शरदात डॉक्टरने आईचं हृदय तपासलं आणि जिने चढू नका म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो, तर ती कांद्याच्या केकसाठी कांदे चिरत होती. लिडिया मागे लागली होती की आराम कर, काय हवं ते सांग. आईने डोळे पुसले, ते कांद्यामुळे, आणि म्हणाली, "मला एकदा त्याच्याशेजारी बसायचंय. चर्चमध्ये."

लिडिया म्हणाली, "अगं, काहीतरी होण्यासारखं माग."

"मग काय मेल्यावर बसू? मेल्यावर दफनभूमीतही दोन बाजू आहेत. मध्ये रस्ता. तो तिकडे पडणार, मी इकडे."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि विचारलं की केकला अजून किती वेळ आहे.

पुढच्याच वर्षी गावात आमच्याकडे एक नवा फादर आला आणि प्रॉटेस्टंटांकडे एक नवा पास्टर. फादर किलियान आणि पास्टर ब्रेख्टेल. दोघं पस्तिशीच्या आतले आणि दोघांनाही बुद्धिबळाचा नाद. गुरुवारी एकमेकांच्या घरी खेळत बसायचे, गावभर बोभाटा व्हायचा, यांना फिकीर नाही. चर्चच्या आठशे वर्षांचा उत्सव जवळ आला होता. दोघांनी मिळून सभा बोलावली आणि म्हणाले, भिंत पाडू या. मला वाटलं होतं आता डोकी फुटणार. पण झालं भलतंच. एकूण एक हात वर गेले. भिंत कुणालाच नको होती, कदाचित खूप वर्षांपासून नको असेल, पण बोलायचं कुणी.

मग घोडं अडलं. जुन्या वास्तूंच्या सरकारी कार्यालयाचा नियम असा की पाडायचा अर्ज मालकाने करायचा. चर्च दोघांचं हे कागदावर होतं, भिंत कुणाची हे कुठेच नव्हतं. ते कागद लढाईत जळाले. पास्टरने सहज विचारलं, "तर मग अर्ज कोण करतंय?"

बाबा उठून उभे राहिले. ते कॅथलिक मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. म्हणाले, "ज्यांनी बांधली ते करतील. देवाचं घर आम्ही नाही चिरलं. आम्ही आमच्या घरात परत आलो, तर यांनी आम्हाला कोपरा दिला आणि मध्ये भिंत घातली."

"कोपरा?" हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून आईचा आवाज आला. "वेदी घेतलीत, सगळ्या चांगल्या खिडक्या घेतल्यात, आणि आमची नजर पडू नये म्हणून वर भिंत घातलीत. माझ्या आजीला तिच्या आजीने सांगितलं होतं."

"तुझ्या आजीची आजी काय गवंडी होती?"

लोक हसले. पण हसून झाल्यावर सगळे आपापल्या बाजूला सरकून बसले. रविवारच्या शाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं, दोन्हीकडे, उलटसुलट. भिंत पाडायला सगळे तयार, ती आपली म्हणायला एकही तयार नाही. मालक होणं म्हणजे अडीचशे वर्षांच्या पापावर सही करणं. असा घोळ घालावा तर आमच्या गावानेच.

शेवटी कुणीतरी माझं नाव काढलं. वेन्डेलिन पाथरवट आहे, त्याला दगड बघून सांगता येईल. कॅथलिक म्हणाले, आपलाच आहे. प्रॉटेस्टंट म्हणाले, एल्सबेथचा मुलगा आहे, खोटं बोलणार नाही. म्हणजे निकाल मी द्यायचा, बापाची की आईची. मी नाही म्हणणार होतो. पण आई हॉलच्या तीन पायऱ्या उतरताना कठड्याला धरून दोनदा थांबली, ते मी पाहिलं, आणि हो म्हणून टाकलं.

ओळखायची खूण तशी सोपी आहे. गवंडी भिंत चढवतो तेव्हा परांचीच्या आडव्या बल्ल्यांचं एक टोक भिंतीत खुपसतो, दुसरं बाहेरच्या उभ्या खांबाला बांधतो. काम संपलं की बल्ल्या ओढून काढतो आणि राहिलेली भोकं कपच्या आणि चुन्याने बुजवतो. भोकं असतात ती परांची ज्या बाजूला होती त्याच बाजूला. आणि सतराशे आठ साली दोन्हीपैकी कुणीही दुसऱ्याच्या गवंड्याला आपल्या दारातून आत घेतलं नसतं. तेव्हा ज्याच्या बाजूला भोकं, त्याची भिंत.

आईच्या बाजूला नुसती सफेदी होती, म्हणून मी तिथून सुरुवात केली. मोगरीने ठोकत गेलो. जमिनीपासून दीड मीटरवर पहिला पोकळ आवाज आला. मग एका ओळीत आठ. त्याच्या वर तितक्याच अंतरावर पुन्हा आठ. सफेदी खरवडली तर प्रत्येक ठिकाणी मुठीएवढं भोक, कपच्यांनी बुजवलेलं. दुपारपर्यंत माझा निकाल झाला होता. भिंत प्रॉटेस्टंटांची.

ते मी आधी घरी सांगितलं. बटाट्याचं सूप वाढून झालं होतं. बाबांनी चमचा खाली ठेवला, आईकडे पाहिलं, आणि दुसऱ्यांदा सूप घेतलं. एरवी ते कधी दुसऱ्यांदा घेत नाहीत. पुढचे चार दिवस गुत्त्यात ते सगळ्यांना वाइन पाजत होते. मोठ्या मनाने सांगत होते की आम्ही काही राग धरणारी माणसं नाही, अर्ज करा, आम्ही विसरलो.  आईला भिंत पडायला हवी होती, सगळ्यांपेक्षा जास्त हवी होती, आणि एका सहीने ते होणार होतं. तिने पास्टरला निरोप धाडला की आमच्या मंडळाने सही केली तर मी मंडळाच्या नावाने पाणी सोडीन. आई हट्टी आहे हे मला माहीत होतं. इतकी आहे हे माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं. खुर्चीत बसली होती, पायांवर शाल. विचारलं, "तिकडून ठोकून बघितलंस?"

मी म्हटलं, "तिकडून कशाला? इकडे सापडलं की."

"म्हणजे नाही बघितलंस."

"आई, परांची एकाच बाजूला असते."

"हो ना. आणि तू पहिल्यांदा आमच्याच बाजूला गेलास. सापडल्यावर थांबलास. बापाचा मुलगा."

मला राग आला. राग आला कारण तिचं बरोबर होतं. परक्याच्या भिंतीचं काम असतं तर मी दोन्ही बाजू ठोकल्या असत्या. तीस वर्षांत मी कधी अर्धं काम करून मत दिलं नव्हतं. इथे दिलं, कारण जे सापडलं ते मला लहानपणापासून पाठ होतं.

आमच्या बाजूला जाड गिलावा होता, त्यावर संत फ्लोरियानचं चित्र, बादलीने आग विझवतानाचं. फादर किलियानला विचारून मी चित्राच्या कडेने गिलावा फोडला. ठोकलं. पोकळ. पुन्हा एका ओळीत आठ, पण तिकडच्यांपेक्षा हातभर वर. म्हणजे ही तीच आरपार गेलेली भोकं नव्हती. मी एका भोकातल्या कपच्या उपसल्या आणि लांब छिन्नी आत घातली. अर्धा मीटर दगड लागला, मग छिन्नी एकदम मोकळी आत गेली. मग पुन्हा दगड.

एक दगड सैल करून काढला आणि हात घातला. आत वीतभर रुंदीची पोकळी होती, वर खाली जाईल तिथपर्यंत. थंड, कोरडी. एका भिंतीच्या पाठीवरून हात फिरवला, मग दुसरीच्या. भिंत एक नव्हतीच. दोन होत्या, पाठीला पाठ करून. पहिल्यांनी स्वतःची बांधली, आणि त्यांच्या भिंतीचा भरवसा कोण धरणार म्हणून दुसऱ्यांनी आपली वेगळी बांधली. एकाने घातलेली पुरली असती. पण दुसऱ्याच्या भिंतीला पाठ टेकायची नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या दोन्हीकडच्या पूर्वजांचं एकमत होतं.

त्या पोकळीत आणखी एक गोष्ट कळत होती. एका भिंतीच्या मागच्या दरजा थापीने नीट भरलेल्या होत्या, म्हणजे ती चढली तेव्हा मागे जायला मोकळी जागा होती. दुसरीचा चुना फटींतून बाहेर ओघळून तसाच सुकला होता, कारण तिच्या मागे हात पोचत नव्हता. म्हणजे आधी कुठली आणि मागून कुठली हे मला चुन्याने सांगितलं. मी लांब छिन्नी घेतली आणि हात पोचेल तिथपर्यंत ओघळ खरवडून टाकले. पुढे पाडताना वरच्या थरांवर कुणाला चढू दिलं नाही, तिथलेही मीच खरवडले. पाथरवट म्हणून मी केलेलं हे एकच पाप. ते कन्फेशनमध्येही सांगितलं नाही, कारण फादरने पहिलं हेच विचारलं असतं की आधीची कुणाची. इथेही सांगणार नाही.

बाबांना आणि आईला मी एकत्रच नेऊन दाखवलं. बाबांनी भोकात हात घातला, खांद्यापर्यंत. बराच वेळ आत चाचपत राहिले. आई चर्चच्या आमच्या भागात लग्नानंतर पहिल्यांदाच आली होती. ती फ्लोरियानची बादली बघत होती.

बाबा म्हणाले, "दोन आहेत."

"मग?" आई म्हणाली. "एका सहीसाठी चार महिने गेले. आता दोन लागणार. किती वर्षं जगू म्हणतोस?"

बाबांनी हात बाहेर काढला आणि चोळत राहिले. मग म्हणाले, "आमची उद्या होईल."

"आमचीही उद्या," आई म्हणाली.

सह्या झाल्या. पहिली कुणी करायची यावर अर्धा तास गेला. नगरपालिकेच्या कारकुनाने अर्जाच्या दोन प्रती आणल्या, एकीवर बाबांनी आधी सही केली, दुसरीवर प्रॉटेस्टंट मंडळाने. त्या कारकुनाला मी त्यानंतर दर नाताळला एक बाटली पाठवतो.

ऑक्टोबरात आम्ही वरून काम सुरू केलं. दगड एकेक करून खाली, एकही आदळायचा नाही. सतराशे आठच्या गवंड्यांनी भिंत चपखल बसवण्यासाठी मोठ्या कमानीच्या कडा फोडल्या होत्या, दोन्हीकडच्यांनी, आपापल्या बाजूने. सहा दगड इतके खचले होते की बदलल्याशिवाय खालचा आधार काढणं म्हणजे छत अंगावर घेणं. ते दगड मी घडवले. त्यात थंडी पडली. गोठणाऱ्या हवेत चुना धरत नाही, त्याला घाई कळत नाही. काम दोन महिने बंद ठेवावं लागलं, आणि त्याच दोन महिन्यांत आईला हॉस्पिटलात न्यावं लागलं.

मी जायचो तेव्हा ती तब्येतीचं बोलायची नाही. विचारायची, "किती राहिली?" मी थर सांगायचो. तेवीस थर. मग पुढच्या आठवड्यातही तेवीस. ती म्हणायची, "तू मागच्या वेळीही तेवीसच म्हणालास." मी चुन्याचं सांगायचो. एकदा तिने मान फिरवली आणि म्हणाली की साधूंना सत्तर वर्षं होती, त्यांचं ठीक होतं. मी गाडीत येऊन हिशोब मांडला. ते सहा दगड न बदलता, कमान तशीच सोडून, भिंत पाडता आली असती. आठ दिवसांचं काम होतं. मी रोज त्याचा विचार केला आणि रोज केलं नाही, आणि यात मोठेपणा काही नव्हता. खाली माणसं बसणार होती. आई पहिल्या बाकावर बसणार होती.

बाबा रोज बसने हॉस्पिटलात जायचे आणि तिच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसायचे. एकदा लिडिया म्हणाली, झालं की गं, बसलात शेजारी. आई म्हणाली, "इथे कुणीही कुणाशेजारी बसतं. परवा तर तो विमावाला बसला होता."

मार्चच्या अखेरीस थंडी ओसरली. आई घरी आली, निम्म्या वजनाची. एप्रिलात माझे सहा दगड बसले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा थर निघाला, आणि धूळ खाली बसल्यावर ती कमान पूर्ण दिसली. मी त्या कमानीच्या दोन्ही कडा अंगठ्याने ओळखत होतो. तरी टोपी काढून उभा राहिलो. पश्चिमेच्या गोल खिडकीतला उजेड थेट वेदीवर जाऊन पडला होता. तो तसा पडावा म्हणूनच साधूंनी ती खिडकी तिथे ठेवली होती. आम्ही अडीचशे वर्षं तो भिंतीवर अडवून धरला होता.

रविवारी दोन्हीकडच्यांची मिळून प्रार्थना ठरली. फादर आणि पास्टर दोघंही वेदीपाशी उभे राहणार होते. बाक हलवायला वेळ झाला नव्हता, ते जिथल्या तिथे होते. सव्वानऊला आईवडील घरातून निघाले. मी मागे होतो. चौकात आले आणि बाबा दफनभूमीच्या दाराकडे वळले, आई सरळ गेली.  अठ्ठेचाळीस वर्षांची पायांची सवय, पायांनीच निभावली. दोघं आपापल्या दाराने आत आले आणि आपापल्या जागी जाऊन बसले. बाबा शेवटच्या बाकावर, तिच्याकडे पाठ करून. आई पहिल्या बाकावर, समोर त्यांची पाठ.

मी बाजूच्या खांबापाशी उभा होतो. आईला तेव्हा पहिल्यांदा दिसलं असेल की तिचा नवरा चर्चमध्ये कसा बसतो. मान किंचित डावीकडे, टक्कल, कॉलरवर शिवणीचा दोरा वर आलेला. ती बघत राहिली. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. वेदीकडे पाठ करायची नाही, हे त्यांच्या हाडात होतं. सात वर्षांचा असताना मी एकदा बाकावर उलटा बसलो, तर तिथल्या तिथे मला थोबाडीत बसली होती, भर प्रार्थनेत.

फादर किलियान बायबलमधलं शुभवर्तमान वाचायला लागला. सगळे उठून उभे राहिले. आईही उठली, पण जागेवर थांबली नाही. बाकाला धरून बाहेर आली आणि पुढे चालायला लागली. भिंत होती तिथवर आली आणि अडली. भिंत निघाल्यावर आमच्या लक्षात आलं होतं की कॅथलिक बाजूची जमीन दोन वितींनी उंच आहे. मधोमध मी फळ्यांचा उतार टाकला होता. आई सरळ आपल्या बाकासमोरून गेली होती, तिथे नुसता उभा दगड. तिने पाय उचलून पाहिला आणि पुन्हा खाली ठेवला. मी खांबापासून निघालो, पण मध्ये माणसं होती.

आई हळू बोलणारी नव्हतीच. म्हणाली, "अलोइस, हात दे."

वाचन चालू होतं. बाबांचे खांदे हलले, मान हलली नाही. आजूबाजूचे म्हातारे कॅथलिक ताठ समोर बघत होते. माझ्या मते चार ओळी तरी वाचून झाल्या असतील. मग बाबा वळले. वेदीकडे पाठ केली, शुभवर्तमानाकडे पाठ केली, आणि दोन्ही हात खाली केले. आईने ते धरले आणि एक पाय वर टाकला, मग दुसरा, आणि वर येऊन धापा टाकत उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली.

बाक भरलेला होता. बाबा सरकले, त्यांच्या पलीकडचा सरकला, असे सगळे सरकत गेले आणि टोकाच्या गॉटफ्रीडला जागाच उरली नाही, तो खांबाला टेकून राहिला. आईने आधी बाकाची फळी चाचपली, मग कोट सावरला, मग एक हात बाबांच्या दंडावर ठेवून हळूहळू खाली बसायला लागली. वाचन संपलं. लोक "आमेन" म्हणाले. बाबा म्हणाले नाहीत. ते अजून वेदीकडे पाठ करूनच उभे होते, आई नीट बसेपर्यंत.